कोण, कुठे आणि कुणाच्या जिवावर: बस आणि जोडलेल्या डिव्हाइसचं वर्णन वाचायला-लिहायला शिकताना

टेबलावर दोन बोर्ड होते आणि दोघांनाही एकाच मॉडेलच्या यूएसबी-सिरीयल केबल लावलेल्या. माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ म्हणजे चाचणीचा बोर्ड आणि ‘टीटीवाययूएसबी१’ म्हणजे कामावर असलेला बोर्ड, असं लिहिलं होतं. कित्येक आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एकदा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, केबल उलट्या क्रमाने सापडल्या आणि फ्लॅश पुसण्याची आज्ञा भलत्याच बोर्डाला गेली. त्याच्यावरचा तीन महिन्यांचा डेटा गेला.

कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, यात काहीही चूक नव्हती. त्याच्या लेखी ‘०’ म्हणजे ‘आधी सापडलेली’, एवढंच. ‘चाचणीचा बोर्ड’ हा अर्थ मी माझ्या मनाने त्याला चिकटवला होता. त्या दिवसापासून हार्डवेअरचं कुठलंही वर्णन समोर आलं की मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. हे डिव्हाइस कोण आहे? ते कुठे जोडलंय? आणि चालण्यासाठी ते आणखी कुणावर अवलंबून आहे? ऑपरेटिंग सिस्टीमने या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत द्यायला हवीत, आणि ‘कितवं सापडलं’ या आकड्याला त्यांतल्या एकाही रकान्यात जागा नको. नव्याने या कामात येणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे मनात पक्कं करावं, म्हणून हा लेख.

हाताशी लिनक्सचं कुठलंही मशीन आणि जमल्यास एक यूएसबी हब असू द्या. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर ती नेहमीसारखी इंग्रजीत, बहुतेक लहान अक्षरांत टाकायची. विंडोजवर असाल तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडा, मॅकवर ‘आयओरेग’ ही आज्ञा चालवा. चित्र थोडं वेगळं दिसेल, पण कोण कुणाला जोडलंय ते दाखवणारं झाड तेच.

पायरी १: बस बोलकी आहे की मुकी, ते आधी ठरवा

बस म्हणजे डिव्हाइस ज्या जोडणीवरून कॉम्प्युटरशी बोलतात ती. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या बसला, जिला पुढे आयएसए हे नाव पडलं, ‘या स्लॉटमध्ये कोण बसलंय?’ असं विचारायची सोयच नव्हती. कार्डावरचे जंपर हाताने बसवायचे, कुठला इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाइन) आणि कुठला पोर्ट (कार्डाशी बोलायचा पत्ता) ते लक्षात ठेवायचं आणि तेच आकडे सॉफ्टवेअरला सांगायचे. सांगितले नाहीत तर ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम) अंदाजाने एखाद्या पोर्टवर काहीतरी लिहून ‘उत्तर येतंय का’ बघायचा. त्या पत्त्यावर दुसरंच कार्ड असलं की मशीन जागच्या जागी गोठायचं.

१९९२ मध्ये आलेल्या पीसीआयने प्रत्येक कार्डाला आपली ओळख सांगणं बंधनकारक केलं. १९९६ च्या यूएसबीने हेच काम चालू मशीनवर, केबल लावता-काढता करून दाखवलं. या झाल्या बोलक्या बस. पण फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली आय-टू-सी आजही जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि बोर्डावर आहे, आणि ती मुकी आहे. एसपीआय आणि साधा सिरीयल पोर्टही मुकेच.

नियम सोपा आहे. बोलक्या बसवरची माहिती डिव्हाइसकडूनच घ्यायची, ती कुठे हाताने लिहून ठेवायची नाही. मुक्या बसवरची माहिती बाहेरून लिहून द्यावीच लागते. वाचणाऱ्याला मात्र दोन्हीकडची डिव्हाइस एकाच झाडात, एकाच पद्धतीने दिसली पाहिजेत.

पायरी २: पीसीआयची चार बाइट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘०३:००.०’ असा पत्ता दिसेल: बस, डिव्हाइस, फंक्शन. एका डोमेनमध्ये जास्तीत जास्त २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ डिव्हाइस, प्रत्येकात ८ फंक्शन. शेवटी चौकटी कंसात ओळखीचे आकडे असतात. इंटेलचं आय२१० हे नेटवर्क कार्ड असेल तर तिथे ‘८०८६:१५३३’ दिसेल. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा मॉडेलचा, आणि दोन्ही सोळाच्या पायावर मोजलेले.

आता त्याच पत्त्यासाठी ‘-एस’ पर्यायाने पत्ता देऊन ‘-एक्स’ लावा. डिव्हाइसच्या कॉन्फिगरेशन स्पेसमधली पहिली ६४ बाइट जशीच्या तशी समोर येतात, आणि पहिल्या ओळीची सुरुवात अशी असते:

८६ ८० ३३ १५

लहान बाइट आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून जोडी उलटी वाचायची: ८०८६, १५३३. कार्डाने स्वतः दिलेली ओळख आहे ही. मध्ये कुठली सेटिंग फाइल नाही, कुणाचा अंदाज नाही. नवशिक्याने ही चार बाइट एकदा स्वतः उलटी करून वाचावीत असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर ‘ड्रायव्हर आपोआप कसा सापडला’ याचं गूढ राहत नाही. रिकाम्या जागेवरून वाचलं तर सगळे बिट १ येतात, म्हणजे एफएफएफएफ. म्हणूनच हा क्रमांक कुठल्याही कंपनीला दिलेला नाही. बूट होताना कोण हजर आणि कोण गैरहजर, हे एवढ्यावरच ठरतं.

त्याच ओळीत थोडं पुढे तीन बाइट वर्गाच्या असतात. ०२०० म्हणजे इथरनेट, ०३०० म्हणजे व्हीजीए डिस्प्ले, ०६०४ म्हणजे पीसीआय ते पीसीआय पूल, म्हणजे एका बसला दुसरी बस जोडणारा दुवा. वर्ग वेगळा सांगण्याचा मोठा फायदा आहे: मॉडेल अगदी नवं, कुणी न पाहिलेलं असलं तरी ‘हा एनव्हीएमई डिस्कचा कंट्रोलर आहे’ एवढं कळलं की सर्वसाधारण ड्रायव्हर कामाला लागतो. चांगल्या वर्णनात नेमकं नाव आणि घराणं, दोन्ही असतं.

आता पत्त्याकडे वळू, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. ‘०३:००.०’ मधला ०३ मदरबोर्डवर कुठे छापलेला नसतो. बूट होताना फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच भरलेला प्रोग्राम) किंवा कर्नल पुलांमागून पूल ओलांडत जातो आणि वाटेत लागेल त्या बसला पुढचा क्रमांक देतो. अलीकडच्या एखाद्या स्लॉटमध्ये पूल असलेलं कार्ड घातलं की मागच्या सगळ्या बसचे क्रमांक सरकतात. सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवल्यावर नेटवर्क कार्डाच्या ‘ईएनपी३एस०’ या नावाचं (यातला ३ म्हणजे बसचा क्रमांक) ‘ईएनपी४एस०’ झालं आणि नेटवर्क बंद पडलं, हा अनुभव अनेकांना आलेला आहे. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने जानेवारी २०१३ मध्ये, १९७ व्या आवृत्तीत, सापडल्याच्या क्रमावरचं ‘इथ०’ सोडून ही जागेवरून ठरणारी नावं आणली. सुधारणा मोठी होती, पण जागेच्या वर्णनात बसचा क्रमांक आला की तो धागा कच्चाच राहतो.

खरी जागा बघायची तर पूर्ण वाट बघा. ‘एलएसपीसीआय -टीव्ही’ ती झाडासारखी काढून दाखवतं. ‘००:०१.१ या पुलाच्या पलीकडे, डिव्हाइस ००, फंक्शन ०’ असं वर्णन टिकाऊ असतं, कारण मुळाच्या बसवरचा ०१.१ चिपसेटच्या जोडणीतच ठरलेला आहे. ०३ हा त्या प्रवासात मिळालेला टोकन नंबर.

पायरी ३: यूएसबीचा पत्ता उलगडून बघा

एखादं यूएसबी डिव्हाइस हबला लावा आणि ‘डीमेसजी -डब्ल्यू’ ही कर्नलचे निरोप दाखवणारी आज्ञा चालू ठेवून बघा. केबल लावताच डिव्हाइसमधल्या रोधाने डेटाची वायर वर ओढल्याचं हबला कळतं, होस्ट (म्हणजे कॉम्प्युटर) त्या पोर्टला रीसेट करतो, आणि नवं डिव्हाइस पत्ता शून्यवर उभं राहतं. होस्ट त्याचा १८ बाइटचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचतो आणि त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. त्यानंतर कॉन्फिगरेशन, इंटरफेस आणि एंडपॉइंट यांची वर्णनं एकामागोमाग येतात.

मग ‘एलएसयूएसबी’ चालवा. ‘बस ००१ डिव्हाइस ००७’ असं काहीतरी दिसेल. केबल काढून त्याच भोकात परत लावा आणि पुन्हा बघा: आता ००८. हातातली वस्तू तीच, पोर्ट तोच, आकडा बदलला. हा आकडा स्क्रिप्टमध्ये, व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये, कुठेच लिहून ठेवू नका.

आता ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस’ या फोल्डरात जा. तिथे ‘१-२.३:१.०’ अशा थाटाची नावं असतात. सावकाश वाचा. पहिला १ म्हणजे पहिली बस. हायफननंतरचा २ म्हणजे मुळाच्या हबचं दुसरं पोर्ट. टिंबानंतरचा ३ म्हणजे तिथे लावलेल्या हबचं तिसरं पोर्ट. अपूर्णविराम आला की जागेचं वर्णन संपलं. पुढचा १ म्हणजे डिव्हाइसचं पहिलं कॉन्फिगरेशन आणि शेवटचा ० म्हणजे त्यातला इंटरफेस शून्य. बोटाने केबलचा माग काढत जावं तसं हे नाव आहे. मला ते या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वात देखणं नाव वाटतं. यातला पहिला १ तेवढा जपून घ्या. कंट्रोलर ज्या क्रमाने सुरू झाले त्या क्रमाने बसचे आकडे पडतात, म्हणून एकाहून जास्त कंट्रोलर असलेल्या मशीनवर तोही हलू शकतो.

शेवटचा भाग नवीन माणसाला जड जातो, म्हणून त्यावर थोडं थांबू. यूएसबी हेडसेट घ्या. वस्तू एकच, पण आत आवाजाचे इंटरफेस वेगळे आणि आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचा इंटरफेस वेगळा. बटणांचा वर्ग ०३, म्हणजे कीबोर्ड-माउसचं घराणं. एका इंटरफेसला आवाजाचा ड्रायव्हर चिकटतो, दुसऱ्याला इनपुटचा. ‘एक डिव्हाइस, एक ड्रायव्हर’ हे समीकरण इथे मोडतं. वर्णन लिहिताना वस्तू आणि तिची कामं हे दोन थर सुटे ठेवले नाहीत, तर बटणं चालतात पण आवाज नाही, अशा तक्रारीचं मूळ शोधताना तास जातात.

ओळखीच्या बाजूला कंपनी क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि एक सिरीयल क्रमांक असतो. माझ्या दोन केबलींच्या बाबतीत पहिले दोन सारखेच होते. सिरीयल तपासला असता तर फरक मिळाला असता. पण सिरीयल देणं बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. काही डिव्हाइसना तो नसतोच, आणि स्वस्तातल्या काहींमध्ये सगळ्या नगांवर एकच छापलेला असतो. दोन नग एकत्र लावून बघितल्याशिवाय सिरीयलवर विश्वास टाकू नका.

आणि डिव्हाइस स्वतःबद्दल जे सांगतं तो त्याचा दावा आहे, पुरावा नाही. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: पेन ड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्याला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगायला लावायचं. होस्टने ते निमूटपणे मानलं. म्हणून लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी डिव्हाइसच्या फोल्डरात ‘ऑथोराइज्ड’ नावाची फाइल आहे. तिथे ० लिहिलं की डिव्हाइस दिसतं, पण कामाला लागत नाही. ‘जोडलेलं’ आणि ‘वापरायला परवानगी असलेलं’ या दोन अवस्था वर्णनात सुट्या हव्यात, त्या याच कारणासाठी.

पायरी ४: एकाच डिव्हाइसकडे जाणाऱ्या तीन वाटा

‘/सिस’ मध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइसची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, शिरल्यावर गोंधळू नका. ‘डिव्हायसेस’ खाली खरं झाड आहे: कोण कुणाला जोडलंय. ‘बस’ आणि ‘क्लास’ खालच्या डिव्हाइसच्या नोंदी बहुतेक नुसत्या लिंक आहेत, ज्या त्याच झाडाकडे बोट दाखवतात. बसची वाट विचारते ‘कुठल्या भाषेत बोलतं?’, क्लासची विचारते ‘वापरणाऱ्याच्या कामाचं काय?’. नेटवर्क कार्ड यूएसबीवर असो वा पीसीआयवर, ‘क्लास/नेट’ खाली ते सारखंच दिसतं.

कुठल्याही डिव्हाइसच्या फोल्डरात ‘मोडअलायस’ ही फाइल उघडा. पीसीआय कार्डासाठी त्यात ‘पीसीआय’ हा शब्द आणि पुढे कंपनी, मॉडेल, उपकंपनी, उपमॉडेल, वर्ग हे सगळं एका लांब ओळीत गुंफलेलं असतं. प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूल आपल्याला चालणाऱ्या अशा ओळींचे नमुने घेऊन येतं. ओळ आणि नमुना जुळला की ‘मोडप्रोब’ ते मॉड्यूल कर्नलमध्ये भरतं. विंडोजमध्ये हार्डवेअर आयडी आणि कम्पॅटिबल आयडी हेच काम करतात. ड्रायव्हर लागला की नाही ते ‘ड्रायव्हर’ या लिंकवरून कळतं. लिंक नसेल तर डिव्हाइस सापडलंय, पण त्याचा कुणी वाली नाही.

एक इशारा. प्रोग्राम लिहिताना ‘/सिस/डिव्हायसेस’ खालची लांबलचक वाट कोडमध्ये कोंबू नका. मधल्या पायऱ्या कर्नलच्या आवृत्तीगणिक वाढू शकतात. डिव्हाइसची ‘सबसिस्टीम’ लिंक वाचा आणि हवा तो पूर्वज सापडेपर्यंत एकेक पायरी वर चढा.

पायरी ५: मुक्या बसचं वर्णन स्वतः लिहा

आय-टू-सीवर दोन वायर आणि ७ बिटांचा पत्ता, एवढंच भांडवल. सोळाच्या पायावरच्या ६८ या पत्त्याला हाक मारली आणि कुणीतरी ‘ओ’ दिली, तर तिथे डीएस३२३१ हे घड्याळ असेल किंवा एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर. दोघांचाही मूळ पत्ता ६८. ‘ओ’ वरून कोण ते कळत नाही. ‘आय२सीडिटेक्ट’ हे साधन सगळ्या पत्त्यांना हाका मारून तक्ता छापतं, पण त्याच्या निकालाला ओळख समजू नका. नुसती हाक मारणंही नेहमी निरुपद्रवी नसतं. साधन सुरू करताना ते स्वतःच तसा इशारा देतं, आणि तो मनावर घ्यायचा असतो. तक्त्यात ‘यूयू’ दिसलं तर तो पत्ता आधीच एखाद्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे.

म्हणून इथे वर्णन बाहेरून येतं, आणि लहान बोर्डांवर त्याचं नाव डिव्हाइस ट्री. त्याचं मूळ ओपन फर्मवेअरमध्ये, जे १९९४ मध्ये आयईईई १२७५ म्हणून प्रमाणित झालं. एआरएम प्रोसेसरच्या जगात आधी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलमध्येच सी भाषेत लिहिली जायची. त्या पसाऱ्याबद्दल लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमचे बोर्ड झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळले.

घड्याळासाठी एक नोड, म्हणजे या झाडातली एक नोंद, लिहू. बोर्डाच्या डीटीएस फाइलमध्ये (डिव्हाइस ट्री जिथे लिहितात ती फाइल) योग्य त्या आय-टू-सी कंट्रोलरच्या महिरपी कंसाच्या आत जा. नोडचं नाव ‘आरटीसी@६८’. नावात काम लिहायचं, चिपचा नंबर नाही.

पहिली ओळ ‘कम्पॅटिबल’: ‘मॅक्सिम,डीएस३२३१’. स्वल्पविरामाच्या आधी कंपनी, नंतर मॉडेल. अनेक नावं द्यायची तर सर्वात नेमकं आधी, सर्वसाधारण शेवटी. क्रम उलटा झाला तर यादीचा अर्थच बिघडतो, कारण जुळणी शोधताना पहिल्या नावाला मान जास्त असतो.

दुसरी ओळ ‘रेग’: सोळाच्या पायावरचा ६८. हा आकडा आणि नोडच्या नावातला @ नंतरचा आकडा जुळलाच पाहिजे. काही डेटाशीट (चिपची माहितीपत्रकं) पत्ता ८ बिटांत देतात, लिहिण्या-वाचण्याचा बिट धरून. तिथे ६८ चा डी० होतो. डी० जसाच्या तसा टाकणं ही नवशिक्यांची हमखास चूक. डेटाशीटमधला पत्ता ७ बिटांत बसत नसेल तर एक बिट उजवीकडे सरकवा.

तिसरी ओळ इंटरप्टची, वायर जोडली असेल तरच. कुठल्या कंट्रोलरची कितवी लाइन आणि ती कशी चेतते. या घड्याळाची इंटरप्ट पिन सक्रिय झाली की खाली जाते, हे डेटाशीटमधून घ्यायचं, ‘चालून गेलं’ म्हणून नाही.

काय लिहायचं नाही, ते तितकंच महत्त्वाचं. ‘दर ५०० मिलिसेकंदांनी वाच’, ‘हा ड्रायव्हर वापर’, ‘या फाइलच्या नावाने दाखव’ यातलं काहीही इथे येऊ देऊ नका. ती ऑपरेटिंग सिस्टीमची धोरणं आहेत. बोर्डावर जे आहे, जसं जोडलंय, तेवढंच लिहायचं. उद्या दुसरी सिस्टीम तीच फाइल वाचणार असते, आणि आजची फाइल पाच वर्षांनंतरच्या कर्नललाही कळली पाहिजे. माझ्या मते संपूर्ण विषयातली ही सर्वात कठीण शिस्त आहे, कारण ड्रायव्हर अडला की एक ओळ झाडात घुसवून मोकळं व्हायचा मोह रोज होतो.

‘डीटीसी’ने फाइलचं भाषांतर करा, बूट करा आणि ‘/सिस/फर्मवेअर/डिव्हाइसट्री/बेस’ मध्ये आपला नोड खरंच पोहोचलाय का ते बघा. नोड आहे पण डिव्हाइस नाही, तर वरच्या कंट्रोलरचं ‘स्टेटस’ तपासा. ते ‘डिसेबल्ड’ असलं की खालची सगळी घरं अंधारात.

लॅपटॉप आणि सर्व्हरवर हेच काम एसीपीआय करतं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणलं. फरक असा की त्याच्या तक्त्यांत चालवता येणारा कोडही असतो. बॅटरीची ओळख तिथे ‘पीएनपी०सी०ए’ आणि झाकणाच्या स्विचची ‘पीएनपी०सी०डी’. ‘/सिस/बस/एसीपीआय/डिव्हायसेस’ मध्ये दोन्ही शोधून बघा. आपल्याच लॅपटॉपचं झाकण तिथे सापडलं की मजा वाटते.

पायरी ६: झाडात न मावणारी नाती

पॅट्रिक मोचेल यांनी लिनक्सचं डिव्हाइस मॉडेल उभं केलं आणि ते डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून सगळ्यांपर्यंत पोहोचलं, तेव्हा एक मोठी गरज वीज व्यवस्थापनाची होती. मशीन झोपवताना आधी मूल झोपलं पाहिजे, मग आईवडील. हब आधी बंद केला तर त्यामागच्या डिस्कला निरोप कोण देणार? त्यासाठी झाड लागतंच.

पण आपल्या ६८ वरच्या चिपला वीज एका रेग्युलेटरकडून (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपकडून) मिळते, आणि तो रेग्युलेटर भलत्याच बसवर बसलेला असतो. डेटाचा पालक एक, विजेचा दुसरा, क्लॉकचा तिसरा. झाडात प्रत्येकाला एकच पालक. ॲपलच्या आयओ किटने (मॅकच्या ड्रायव्हर व्यवस्थेने) यावर त्याच डिव्हाइसांची अनेक प्रतलं, म्हणजे वेगवेगळी झाडं, काढली: सेवेचं वेगळं, विजेचं वेगळं. डिव्हाइस ट्रीमध्ये एक नोड दुसऱ्याकडे हँडल देऊन बोट दाखवतो, आणि लिनक्सने ४.१० आवृत्तीपासून पुरवठादार आणि ग्राहक यांना जोडणारे डिव्हाइस लिंक आणले.

व्यवहारात याचा उपयोग असा: नोड बरोबर आहे, ड्रायव्हर आहे, तरी डिव्हाइस उभं राहत नाही, तेव्हा डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींमधली ‘डिव्हायसेस_डिफर्ड’ ही फाइल वाचा. पुरवठादाराची वाट बघत ताटकळलेली सगळी डिव्हाइस तिथे नावानिशी असतात.

पायरी ७: नाव शेवटी द्या, आणि मग केबल उपटून बघा

ओळख आणि जागा हाती आल्यावरच नाव ठेवायचं. सिरीयल पोर्टसाठी आधी ‘/डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ बघा. बहुतेक वेळा यूडेव्हने (डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेने) तयार लिंक ठेवलेल्या असतात. डिस्कसाठीही तशाच आहेत. स्वतःचं नाव हवं असेल तर ‘यूडेव्हॲडम इन्फो -ए’ चालवून डिव्हाइस आणि त्याचे सगळे पूर्वज छापून घ्या, त्यातून सिरीयल क्रमांक निवडा आणि यूडेव्हच्या नियमात लिंकचं नाव लिहा. पूर्वजांवरच्या अटी एका नियमात एकाच पूर्वजाच्या असाव्या लागतात. एक आजोबांची आणि एक पणजोबांची घेतली की नियम गुपचूप निकामी होतो, कुठलीही चूक न दाखवता.

सिरीयल भरवशाचा नसेल तर ‘१-२.३’ सारखी जागा वापरा, पण मग पोर्टवर चिठ्ठी लावा, कारण आता नाव भोकाचं आहे, वस्तूचं नाही. वस्तू बदलली तरी नाव तेच राहणार. प्रिंटरसाठी हे चालेल. पैसे मोजणाऱ्या यंत्रासाठी किंवा चाव्या ठेवणाऱ्या टोकनसाठी चालणार नाही.

मग तपासणी. नियम पुन्हा भरा. दोन्ही केबल काढा, उलट क्रमाने लावा, लिंक कुणाकडे जातेय ते बघा. दोघांची पोर्टं अदलाबदल करा, पुन्हा बघा. मध्ये एक हब घाला. मशीन बंद करून दोन्ही लावलेल्या स्थितीत चालू करा. माझ्या टेबलावर आता ‘/डेव्ह/चाचणी-बोर्ड’ अशी लिंक आहे, सिरीयल क्रमांकावर बांधलेली, आणि फ्लॅश पुसण्याआधी स्क्रिप्ट तो क्रमांक ‘/सिस’ मधून पुन्हा एकदा वाचून जुळवते. जुळला नाही तर तिथेच थांबते.